इथे फेकलेलं चालतं

माझ्या मुलाला एका बेसबॉल क्लबाने पगारावर पिचर म्हणून घेतलं, ही बातमी त्याने फोनवर सांगितली तेव्हा मी पुण्यात जेवणाच्या टेबलाशी बसून गवार मोडत होतो. "बाबा, क्लबबरोबर कॉन्ट्रॅक्ट साइन झालं. मी आता प्रोफेशनल आहे," तो म्हणाला. मी विचारलं, "कशात?" कारण गेली पंधरा वर्षं तो इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरचं काम करतो आणि त्यात तो प्रोफेशनल असावा अशी माझी समजूत होती. "बेसबॉलमध्ये. पिचर म्हणून." पिचर म्हटलं की मला सरबताचा जग आठवतो, आणि मनात आलेलं ओठांआड ठेवण्याची मला सवय नाही. मी तसं म्हटलं. तो हसला नाही. म्हणाला, "तुम्ही दोघं या ना. समरभर राहा. एकदा बघा तरी. इथे फेकलेलं चालतं, बाबा."

गवारीची शेंग माझ्या हातात तशीच राहिली. बावीस वर्षांत आमच्या घरात तो शब्द कुणी काढला नव्हता. आमच्याकडे कचरासुद्धा टाकतात, फेकत नाहीत.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि रविवारी अंपायर. खात्यात माझं कुणी ऐकत नसे. मैदानावर मी बोट वर केलं की भलेभले बॅट काखोटीला मारून चालू लागत. त्यामुळे 'आपण काय करता' असं कुणी विचारलं तर मी अंपायर आहे असंच सांगायचो. तीस वर्षं उभा राहिलो. घसा फोडून अपील करणारे गोलंदाज, बॅटची कड लागूनही ढगांकडे बघत उभे राहणारे फलंदाज, चहाच्या सुट्टीत "साहेब, जरा आमच्याकडे बघा की" म्हणणारे क्लबांचे सेक्रेटरी, सगळ्यांना मी सारखंच कस्पटासमान लेखलं. अंपायरला एक खूण असते, चुकून दिलेला निर्णय मागे घ्यायची. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन उलट्या खांद्यांना लावायचे. स्कोअररने हात वर करून ती खूण पाहिल्याचं कळवायचं, तोवर पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. नव्या अंपायरांना मी सगळ्या खुणा करून दाखवायचो आणि या खुणेपाशी आलो की सांगायचो, ही मी मैदानात कधी केलेली नाही. पोरं माना डोलवायची. मला ते फार आवडायचं.

फेकीचा नियमही मीच शिकवायचो. क्रिकेटमध्ये चेंडू टाकायचा असतो, फेकायचा नसतो. याचा अर्थ अर्धवट लोक असा घेतात की हात वाकलेला चालत नाही. हात वाकलेला चालतो. वाकलेला हात चेंडू सोडताना कोपरातून सरळ झाला, तर ते फेकणं. हे मी फळ्यावर आकृती काढून समजावायचो आणि ज्याला समजलं नाही त्याची सगळ्यांसमोर बिनपाण्याने करायचो. असा चेंडू फेकणारा गोलंदाज म्हणजे फेकी. मराठीत हा शब्द अंगाला फार चिकटतो, कारण आपल्याकडे फेकतो म्हणजे थापाही मारतो. एका शब्दात हातही खोटा आणि तोंडही खोटं.

मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. वेगवान गोलंदाज. त्या दिवशी निवड समितीतली दोन माणसं मांडवात बसून भजी खात होती, त्याच्यासाठी आली होती असं सगळे म्हणत. दुसऱ्या अंपायरला कांजिण्या आल्या म्हणून आयोजकांनी मला बोलावलं. पोटच्या पोराच्या सामन्यात उभं राहू नये एवढी अक्कल कुणालाही असते. मी म्हणालो, "मैदानात मला मुलगा नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की त्या सकाळी ते मी तीन जणांना ऐकवलं. मी स्क्वेअर लेगला, म्हणजे फलंदाजाच्या एका बाजूला लांब उभा होतो. तिथून गोलंदाजाचा हात नीट दिसतो. त्याच्या दुसऱ्या षटकात मी फेकीसाठी नो-बॉल पुकारला. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा पुकारला की त्या डावात गोलंदाजाला चेंडू मिळत नाही, आणि मी तिसऱ्यांदा पुकारला. तो माझ्याकडे चालत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, हात सरळच आहे माझा." मी सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढून म्हणालो, "फेकू नकोस."

दोन्ही अर्थ लागले. स्लिपमधली पोरं फिदीफिदी हसली.

त्यानंतर त्याने क्रिकेटचा चेंडू हातात घेतला नाही. वर्षभर गल्लीत त्याला फेकी म्हणायचे. माझा मात्र पुढच्याच महिन्यात अंपायर मंडळींनी शाल आणि नारळ देऊन सत्कार केला, पोटच्या पोरालाही सोडलं नाही म्हणून. शाल उत्तम लोकरीची आहे. नारळ आमच्या हिने घरात ठेवला नाही, त्याच दिवशी शेजारी देऊन टाकला.

तर असा मी, एप्रिलमध्ये बायको आणि शाल घेऊन बेसिंगस्टोकला पोचलो. हे गाव गोल गोल फिरायची हौस असलेल्या माणसांनी वसवलं असावं. कुठेही जायचं तर आधी चार-पाच चौकांना प्रदक्षिणा घालाव्या लागतात. मुलाचं घर नीटनेटकं, सून कामसू, दर मंगळवारी लंडनच्या ऑफिसला जाणारी. नात तेरा वर्षांची. ती माझ्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करते आणि मला घाम फुटतो. पहिल्याच सकाळी म्हणाली, "आजोबा, तुमचा शाल खाली पडला." मी म्हणालो, "ती शाल. पडली." ती म्हणाली, "ओके, ती शाल. बट हाऊ डू यू नो?" मी उलट तिलाच विचारलं की हे बेसबॉल काय प्रकरण आहे.

प्रकरण असं होतं. ऑफिसच्या पिकनिकला एका बागेत सगळे जमले असताना कुणाचा तरी चेंडू लांब गेला आणि मुलाने तो परत फेकला. वीस वर्षांत पहिल्यांदा. ज्याच्या हातात तो येऊन बसला तो सहकारी एका बेसबॉल क्लबात खेळायचा. त्याने दुसरा चेंडू फेकायला सांगितला, मग तिसरा. दोन वर्षं मुलगा हौस म्हणून शनिवारी खेळला, आणि यंदा कुणीतरी टूम काढली की इंग्लंडमध्येही पगारी खेळाडूंची बेसबॉल लीग काढायची. क्लबाने पाच जणांना पगारावर घेतलं. पिचर, म्हणजे त्यांचा गोलंदाज, हा एकच, आणि तो एक्केचाळीस वर्षांचा. ज्या देशात एक्केचाळीस वर्षांच्या नवशिक्याला पगार देऊन खेळायला बोलावतात, तिथे तो खेळ मुळात कुणी खेळत नसणार, हे ओळखायला अंपायर असावं लागत नाही. शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्याला मी विचारलंसुद्धा. तो कुंपणावरून म्हणाला, "ओह, राउंडर्स," म्हणजे त्यांच्या शाळेत मुली खेळतात तो खेळ. मला तो माणूस लगेच पटला.

पहिल्या सामन्याला आम्ही सगळे गेलो. गावाबाहेरचं एक मैदान, एका कडेला कुत्री फिरवणारे लोक, दुसऱ्या कडेला जाळी. प्रेक्षक आम्ही धरून साठ-सत्तर, आणि त्यातले बरेचसे खेळाडूंचे नातेवाईक असावेत, कारण खेळ सोडून एकमेकांच्या मुलांची चौकशी चालली होती. खेळाडूंच्या अंगात पायजमे. प्रत्येकाच्या एका हातात चामड्याचं सूप, झेल घ्यायला. आमच्याकडे उघड्या हातांनी झेल घेतात आणि बोटं मोडली तर चिकटपट्टी लावून परत उभे राहतात, हे मी आजूबाजूच्या तिघांना सांगितलं. अंपायर तोंडाला पिंजरा बांधून यष्टिरक्षकाच्या मागे लपला होता. वाईट चेंडूला ते नुसतं 'बॉल' म्हणतात. चेंडूला चेंडू म्हणणं हा जिथे ठपका असतो, त्या खेळाबद्दल आणखी काय बोलावं!

"बाबा आला," नात म्हणाली.

तो मातीच्या छोट्या उंचवट्यावर चढला. मी शाल घट्ट केली. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. माझ्या डोळ्यांना फक्त त्याचा कोपर दिसत होता, आणि माझ्या घशात तो जुना नो-बॉल तयार होऊन बसला होता. त्याने पाय उचलला, अंग वळवलं आणि चेंडू फेकला. हो, फेकला. चेंडू सरळ गेला आणि फलंदाजापाशी पोचता पोचता, जणू काहीतरी आठवल्यासारखा, आत वळून खाली बसला. फलंदाजाने हवेत बॅट फिरवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच, आणि तो फलंदाज बाद होऊन परत गेला. "स्ट्राइक थ्री! आजोबा, बघितला? त्याने तिन्ही मिस केली!" नात उड्या मारत होती. मी व्याकरण दुरुस्त करायला विसरलो.

मला तो खेळ तेव्हाही टुकार वाटला आणि आजही वाटतो. पण गोलंदाजी कशाला म्हणतात हे मला कळतं. त्या दिवशी माझ्या मुलाने जे केलं ते मी तीस वर्षांत फार थोड्या पोरांना करताना पाहिलंय. समोरच्यांना तो चेंडू कुठून येतोय तेच उमगत नव्हतं. सामना संपल्यावर त्यांचा कोच माझ्याशी बोलायला आला. पोट सुटलेला, उन्हाने लाल झालेला माणूस. माझा हात हातात घेऊन म्हणाला की तुमच्या मुलाचा हात सुंदर आहे, असा हात मी आजवर पाहिलेला नाही. मुलगा शेजारीच उभा होता. त्याच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. तो माझ्या उत्तराची वाट बघत होता.

मी म्हणालो, "इन अवर गेम, इट इज इलीगल."

कोच हसला. त्याला तो विनोद वाटला. घरी येताना तिसऱ्या की चौथ्या गोल चौकात मुलगा गाडी वळवत म्हणाला, "बाबा, तुम्ही कोचला ते का सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं."

"मी तुम्हाला तेवढ्यासाठीच बोलावलं होतं," तो म्हणाला. "कुणी तसं म्हणणार नाही अशा जागी. आणि तुम्ही इथे येऊन तेच म्हणालात."

मागच्या सीटवरून आमची ही म्हणाली, "अहो, आता तरी पुरे करा." माझं काही चुकलंय असं तेव्हाही मला वाटत नव्हतं. तो दुखावला याचं वाईट वाटत होतं. पण फेकी तो फेकी, त्याला मी काय करणार, असं माझं म्हणणं होतं.

त्याची कारकीर्द सात सामन्यांची झाली. पहिल्या चारांत त्याने धमाल केली. क्रॉयडनच्या बाजूला एक सामना झाला, तिथे समोरच्या संघातल्या एकाने त्याची टोपीवर सही घेतली आणि नात आठवडाभर तेच सांगत होती. इल्फर्डच्या सामन्याला आमची ही फक्त तिथल्या देशी दुकानांत मेथी आणि कढीपत्ता मिळेल म्हणून आली आणि दोन पिशव्या भरून परतली. पाचव्या सामन्यापासून मंडळी शहाणी झाली, त्याचे व्हिडिओ बघून येऊ लागली. सहाव्यात त्याला चोपला. सातव्यात त्याने अर्ध्यावरच कोचला हात दाखवला आणि उंचवट्यावरून खाली उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चहाचा कप उचलेना. कोपर पेरूएवढा सुजला होता.

हॉस्पिटलची वेळ मंगळवारची मिळाली. सून लंडनला, आणि एका हाताने गाडी चालवता येईना म्हणून टॅक्सी केली. सोबत मी गेलो. मी जायचं कारण सोबत हेच होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. तिथली फिजिओथेरपिस्ट तिशीतली, चटपटीत मुलगी. तिने त्याला दोन्ही हात पुढे करून सरळ करायला सांगितले. डावा हात सरळ झाला. उजवा कोपरात वाकलेलाच राहिला.

"हा पण सरळ करा," ती म्हणाली.

"दॅट इज स्ट्रेट," माझा मुलगा म्हणाला.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर शाल घेऊन बसलो होतो. तेच वाक्य, त्याच हळू आवाजात. फक्त भाषा बदलली होती. तिने बिजागरीचं एक माप त्याच्या कोपराला लावलं, पुढून ढकलून पाहिलं, मागून ढकलून पाहिलं. मग एक्स-रे पडद्यावर लावला आणि पेनाने दाखवत म्हणाली की सूज आत्ताची आहे, ती जाईल, पण पिचिंग आता बंद. आणि हे दुसरं मात्र फार जुनं. लहानपणी इथे हाड मोडलंय आणि ते जागेवर बसवलेलं नाही, तसंच जुळलंय. इथे हाडाला हाड अडतं. हा हात तेव्हापासून सरळ झालेला नाही आणि कितीही जोर लावला तरी होणार नाही. मग तिने सहज विचारलं, "कधी मोडला होता?"

"सात वर्षांचा असताना. झाडावरून पडलो."

"कुठल्या हॉस्पिटलमध्ये बसवला?"

मुलाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "आठवत नाही."

आयुष्यात माझ्या मुलाने माझ्यादेखत फेकलेलं एवढंच. आणि तेही माझ्यासाठी.

त्याला चांगलं आठवत होतं. मलाही. तो शनिवार होता, शेजारच्या पेरूच्या झाडावरून पडला. दुसऱ्या दिवशी मला पहिल्यांदाच एका मोठ्या अंतिम सामन्याला उभं राहायचं होतं. हॉस्पिटलात नेलं असतं तर त्यांनी ठेवून घेतलं असतं, ऑपरेशन म्हणाले असते, रविवार गेला असता. डॉक्टर लोक साध्या गोष्टीचा बाऊ करतात, हे माझं तेव्हाचं मत. मी त्याला तालमीतल्या वस्तादाकडे नेलं. तो पैलवानांची हाडं बसवायचा. त्याने हात ओढला, मैदालकडीचा लेप दिला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि म्हणाला, दीड महिना हलवू नको. पोरगं ओरडलं तेव्हा मी म्हणालो, एवढ्याशाने रडतोस काय. दुसऱ्या दिवशी मी पांढरा कोट घालून अंतिम सामन्याला उभा होतो, आणि त्या दिवशीचा माझा एकही निर्णय चुकला नाही असं लोक म्हणत होते.

आता फळ्यावरची आकृती बघा. वाकलेला हात चेंडू सोडताना सरळ झाला तर फेकी. जो हात सरळ होऊच शकत नाही, तो नुसता वाकलेला दिसला म्हणून फेकी ठरत नाही. हा नियम मी वर्षानुवर्षं शिकवला, ज्यांना समजला नाही त्यांना गाढव म्हटलं. आणि पोटच्या पोराचा वाकडा हात बारा वर्षं रोज ताटावर, पुस्तकावर, सायकलच्या हँडलवर बघूनही मला तो दिसला नाही. मैदानातही मी हात पाहिला नव्हताच. निवड समिती बघत होती, गाव बघत होतं, आणि मला मी किती निःपक्षपाती दिसतोय तेवढंच बघायचं होतं. गाढव म्हणायचं तर आता दुसऱ्या कुणाला म्हणायची सोय राहिलेली नाही.

टॅक्सीत मी त्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"हात सरळ होत नाही हे."

"बाबा, माझा हात आहे तो."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "सांगितलं होतं," तो म्हणाला.

घरी आल्यावर मी हिला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती आणि तिने मान वर केली नाही. "त्याच्या प्रत्येक शर्टाची उजवी बाही मी आत मुडपून शिवलीय," ती म्हणाली. "हात वाकडा, म्हणून बाही लांब पडायची. तुम्हाला काय वाटलं, मी उगाच शिवत बसायचे?"

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले. त्या सामन्याच्याच संध्याकाळी बोलले. तुम्ही म्हणालात, तुला क्रिकेटमधलं काय कळतं."

म्हटलं असणार. मी ते इतक्यांदा म्हटलंय की त्यातलं नेमकं कधीचं, हे आठवायलाही जागा नाही. पुढचे तीन आठवडे मी त्या घरात चोरासारखा वावरलो. जेवताना त्याचा हात दिसायचा. माफ कर, हे दोन शब्द मी जिभेवर घेऊन त्याच्या मागे मागे फिरलो, कधी बागेत, कधी गॅरेजमध्ये. तो वळून "काय बाबा?" म्हणायचा आणि मी म्हणायचो, "दूध संपलंय." आमच्या घरात त्या दिवसांत फ्रिजमध्ये सहा लिटर दूध साठलं. माफी मागायची सवय लागते आणि ती लहानपणापासून लावून घ्यावी लागते. मी आयुष्यभर इतरांना मागायला लावली.

सप्टेंबरात क्लबाचा शेवटचा सामना होता. पगारी लीगचं भूत तोवर उतरलं होतं, पुढच्या वर्षी सगळे पुन्हा हौशी होणार होते, त्यामुळे माझा मुलगा त्या क्लबाचा पहिला पगारी पिचर आणि बहुधा शेवटचा. कोपराला पट्टा होता म्हणून कोचने त्याला जाळीशेजारच्या टेबलावर गुणपुस्तक घेऊन बसवलं होतं. वारा बोचरा होता. मी, ही आणि नात बाकावर बसलो होतो. मी शाल पांघरली होती, सत्काराची.

मी त्या टेबलाकडे बराच वेळ बघत होतो. तो खाली मान घालून पुस्तकात खुणा करत होता. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मैदान आहे, सामना आहे, आणि तो स्कोअरर आहे. नियमात असंही आहे की निर्णय बदलायचा तर तत्काळ बदलावा. बावीस वर्षं कुठल्याच पुस्तकात तत्काळ म्हणून बसत नाहीत. दुसऱ्या कुठल्या अंपायरने असं काही केलं असतं तर मी त्याच्या अकलेचे जाहीर वाभाडे काढले असते.

डाव संपला आणि खेळाडू जागा बदलायला लागले तेव्हा मी उठलो. खेळ चालू असताना मध्ये जाण्याइतका अडाणी मी नाही. शाल काढून नातीच्या मांडीवर ठेवली, गवतावरून चालत टेबलासमोर वीस पावलांवर जाऊन उभा राहिलो आणि त्याला हाक मारली. त्याने वर पाहिलं. मी पाय जुळवले, दोन्ही हात छातीवर आडवे घेतले आणि उलट्या खांद्यांना लावले.

आजूबाजूला कुणालाच काही कळलं नाही. कोचने मला बघून खुशीत हात हलवला. मागून नात ओरडली, "आजोबा, शाल काढला कशाला? आता थंडी वाजतो ना!" मी वळलो नाही आणि तिला दुरुस्तही केलं नाही. स्कोअररने खूण पाहिल्याचं कळवेपर्यंत अंपायरने हलायचं नसतं.

माझ्या मुलाने पेन खाली ठेवलं. तो माझ्याकडे बघत राहिला, इतका वेळ की पलीकडे पुढचा डाव सुरूही झाला. मग त्याने डाव्या हाताने कोपराचा पट्टा सोडला आणि उजवा हात वर केला. जेवढा सरळ होतो तेवढा.